बोट पसंत, तपासनीस नापसंत

आदरणीय व्याहीबुवांस,

साष्टांग नमस्कार. (कमरेमुळे प्रत्यक्षात घालता येत नाही, म्हणून कागदावर पुरता घालतो आहे.)

तुमचं पत्र मिळालं. गुडघा अजून जिना चढू देत नाही हे वाचून वाईट वाटलं. जिना नको म्हणतोय तर नका चढू. वर तुमचं असं काय अडलंय? झाडं खाली, वर्तमानपत्र खाली, आणि विहीणबाई तर आमच्याकडे. एकट्याच्या हातचं खाऊन प्रकृती कशी आहे हे मुद्दाम विचारत नाही, कारण सूनबाईने सगळं सांगितलंय. करपलेलं पातेलं घासण्याऐवजी तुम्ही ते शेजाऱ्यांच्या मांजराला पाणी प्यायला दिलंत म्हणे, आणि आता मांजराकडे तीन पातेली झाली आहेत. इकडे विहीणबाई ठणठणीत आहेत. आमच्या गॅलरीतल्या दोरीवर त्यांचा आणि हिचा असे दोन काळे रबरी पोशाख हातपाय खाली सोडून वाळत असतात. परवा कुरिअरवाल्याने खालून ते बघितलं आणि पाकीट फाटकातच ठेवून गेला. तुमची आठवण काढतात का, असं तुम्ही आडून विचारलं आहे. काढतात. बहुतेक वेळा भांडी घासताना.

आता मुद्द्यावर येतो. (हिच्या मते मी मुद्द्यावर येतो तेव्हा ऐकणारे उठून गेलेले असतात. तुम्ही पत्र वाचताय, तेव्हा उठलात तरी परत या.) दोन्ही विहिणींनी मिळून समुद्राच्या तळाशी जायचं ठरवलं, पोहण्याच्या तलावात महिनोन्‌महिने सराव केला, परीक्षा दिली, डॉक्टरांनी छाती तपासून हो म्हटलं, आणि मग तुम्ही मला लिहिलंत की, बोट तेवढी तुम्ही पारखून घ्या, तुमचा जन्म लिफ्टा तपासण्यात गेला आहे, आणि पुढे, मला ही एकच बायको मिळालेली आहे. ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मलाही एकच मिळालेली आहे, पण असं लिहायचं मला कधी सुचलं नाही.

लिफ्ट आणि बोट यांचा संबंध काय, असं आमच्या चिरंजीवांनी विचारलं. मी म्हटलं, संबंध सरळ आहे. माणूस आत जातो, दार बंद होतं, तो खाली जातो. आत जाताना कुणाच्या मनात काही येत नाही, कारण पलीकडे कुणीतरी आधी येऊन गेलेलं असतं, दोर बघितलेला असतो, ब्रेक बघितलेला असतो. तो मी. माझ्या कामाचं सार एवढंच, की गेलेला माणूस परत वर आला पाहिजे. चिरंजीव म्हणाले, बाबा, तुम्ही आईला पाण्यात सोडायला घाबरताय एवढंच सांगा ना. हल्लीच्या पोरांना लांब वाक्यं सहन होत नाहीत.

घाबरत होतोच. तुमच्यापासून काय लपवायचं? हिला मी विचारलं होतं, की एवढ्या वयात हे कशासाठी? तिने उत्तर दिलं, खाली कुणी बोलत नाही. तुम्हाला माहीत आहे, तिने आमच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवलं. दुसऱ्यांची पोरं सकाळी यायची आणि दिवे लागले तरी रडत असायची. आणि ती गेली की मी यायचो. (मी रडत नसे, पण बोलत असे.) तेव्हा तिचं उत्तर ऐकून मी चपला घातल्या आणि बोटी बघायला निघालो.

पहिली बोट पाहायला गेलो ती सगळ्यांनी सुचवलेली. पांढरीशुभ्र, गुबगुबीत कोच, वर छत, गाणी लावायची सोय, आणि मालक असा गोड की त्याच्याशी हात मिळवल्यावर हात धुवावासा वाटावा. त्याने मला पाण्याखाली काढलेले फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत माणूस अंगठा वर करून हसतोय. मी म्हटलं, छान आहे, आता परत वर यायची शिडी दाखवा. शिडीला कुलूप होतं. चोरीला जाते म्हणून. किल्ली? किल्ली भावाकडे. भाऊ? भाऊ लग्नाला गेला होता. मग प्राणवायूची टाकी दाखवा म्हटलं, एखाद्याला खालून आल्यावर त्रास झाला तर लागते ती. ती सापडली घडीच्या खुर्च्यांमागे, आणि तिच्यावर कुणीतरी ओला पंचा वाळत घातला होता. काटा शून्यावर. मालक म्हणाला, साहेब, आजवर कधी लागलीच नाही. लिफ्टवाल्यांचंही हेच उत्तर असतं, अगदी याच शब्दांत. वरून कीर्तन आतून तमाशा. मी त्याचा निरोप घेतला आणि खरोखरच हात धुतले.

दुसऱ्या बोटीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात माझी शोभा झाली. ही बोट लहान, रंग उडालेला, पण मालक जुना आणि कमी बोलणारा, म्हणून मला बरा वाटला. आता माझी एक सवय तुम्हाला ठाऊक नसेल. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरलो की कागद बघायच्या आधी मी एकदा जागच्या जागी उडी मारतो. कागद खोटं बोलतो, फळी खोटं बोलत नाही. पायाखालून जो आवाज येतो त्यावरून मला अर्धं कळतं. तर मी सवयीने बोटीत पाऊल टाकलं आणि उडी मारली. व्याहीबुवा, लिफ्ट चार भिंतींत असते. बोट नसते. बोट एका अंगाला गेली, मी दुसऱ्या अंगाला गेलो, कठड्यावर ठेवलेला निळ्या रंगाचा डबा मधल्या मार्गाने माझ्या विजारीवर आला, आणि मालक, जो कमी बोलणारा म्हणून मला आवडला होता, तो बराच वेळ बोलला. त्यातून मला हे कळलं की बोटीच्या तळाला जुनी चीर आहे आणि ती तो त्याच निळ्या रंगाने झाकत होता. म्हणजे तपासणी यशस्वीच म्हणायची. विजार गेली.

यानंतर आणखी बोटी पाहिल्या, त्यांचा पाढा वाचत नाही. एकाकडे रेडिओ होता पण त्यात बॅटरी नव्हती, एकाला हवामानाचं विचारलं तर त्याने नाक वर करून वास घेतला. मी एकेक बोट नापास करत गेलो आणि दर संध्याकाळी घरी येऊन दोघींना कारणं सांगत गेलो. विहीणबाई शांतपणे ऐकायच्या. (दातांच्या डॉक्टर ना त्या, समोरचा तोंड उघडून बसला असेल तर त्यांना घाई नसते.) शेवटी एकदा हिने विचारलं, की तुम्हाला पास होणारी बोट हवी आहे, की ऋतू संपायला हवाय? मी म्हटलं, असं कसं बोलतेस. पण व्याहीबुवा, पाणी खवळायला थोडेच आठवडे उरले होते आणि हे मी पंचांगात नाही तरी भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज बघत होतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं जरा निराळं होतं. मला दुसऱ्याला नाचू द्यायचं नव्हतं, म्हणून मी अंगणं वाकडी ठरवत हिंडत होतो.

तिसरी बोट (म्हणजे खरं तर बरीच पुढची, पण मोजणीत तिसरी म्हणू) या दोघींनीच शोधली. मालकीण बाई. वय आपल्यापेक्षा कमी, आवाज मात्र आपल्या दोघांचा मिळून होईल तेवढा, तोही बसलेला. तिला सगळे कप्तानबाई म्हणतात. मी गेलो तर तिने मला बसायला सांगितलं नाही. शिडी दाखवा म्हटलं, तर मलाच चढायला लावली. टाकीचा काटा बघितला, भरलेला होता. रेडिओवर तिने माझ्यादेखत बंदरावरच्या माणसाशी बोलून त्याच्या सर्दीची चौकशी केली. वारा वाढला तर काय करता, असं विचारलं. ती म्हणाली, जात नाही. मी म्हटलं, आणि लोकांनी हट्ट धरला तर? ती म्हणाली, तर लोक रागावतात. मला बोट ठेवायला जागा सापडेना, आणि बोटीतच उभं राहून असं म्हणण्याची पाळी आली हे त्याहून वाईट. उडी मारली नाही. विजार नवी होती.

तिची एक पद्धत अशी, की खऱ्या सफरीआधी प्रत्येकाने खाडीच्या तोंडाशी, जिथे पाणी उथळ आणि शांत असतं, तिथे एक सरावाची बुडी मारायची. घरचं कुणी सोबत यायचं तर येऊ शकतं. मी गेलो. दोन्ही विहिणी, आणखी काही उत्साही मंडळी, त्यांच्याबरोबर पाण्यात उतरणारा एक मार्गदर्शक, आणि टॉवेल घेऊन मी. दोघी पाठ करून पाण्यात पडल्या, बुडबुडे आले, मग बुडबुडेही लांब गेले, आणि मी बाकावर बसून राहिलो. तुम्हाला खरं सांगतो, इतकी वर्षं मी लोकांना खाली-वर पाठवलं, पण वर येण्याची वाट बघत कधी बसलो नव्हतो. ते काम दुसऱ्यांचं असायचं. फार जड काम आहे ते. हातात करण्यासारखं काहीच नसतं. मी टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

मग एकेक डोकं वर आलं. ही आली, शिडी चढली, मास्क कपाळावर सरकवून माझ्याकडे बघून हसली. असं हसताना मी तिला कधी पाहिलं होतं ते आठवेना. मी लगेच टॉवेल उलगडून झटकायला वळलो, कारण त्यावर वाळू होती आणि डोळ्यातही काहीतरी गेलं होतं. तेवढ्यात कप्तानबाईने हजेरी सुरू केली. इंजिन सुरू करण्याआधी ती प्रत्येकाचं नाव पुकारते आणि ज्याचं त्याने ओ द्यायची. एकामागून एक आवाज आले. मग हिचं नाव आलं. पूर्ण नाव, घरचं नव्हे. उत्तर आलं नाही. आणि मी, टॉवेल झटकता झटकता, मागे न बघता, जसं टेलिफोनवर, दारावर, दवाखान्यात, दुकानात इतकी वर्षं करत आलो, तसं जोरात म्हणालो, "आहे, आहे!"

कप्तानबाई पुढचं नाव घेईना. ती केबिनमधून बाहेर आली आणि म्हणाली, "कुठाय?" मी वळून हात केला. तिथे विहीणबाई केस पिळत उभ्या होत्या. फक्त विहीणबाई.

व्याहीबुवा, त्याच्यापुढे काय लिहू? कप्तानबाईने इंजिनाची किल्ली काढली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि बोटीच्या मागच्या अंगाला धावली. तिथे, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या पात्यांपासून हातभर अंतरावर, पाण्यातून हिचं डोकं वर आलं. एका हातात पायात घालायचा तो रबरी पंजा. शिडी चढल्यावर हातातून निसटून पाण्यात पडला, म्हणून कुणाला न सांगता परत उतरली होती. पाळणाघरात पडलेलं खेळणं उचलावं तशी. वर बघून म्हणाली, "पडलं होतं." तिला काही कल्पनाच नव्हती. मार्गदर्शकाने ती चढलेली पाहिली होती आणि तो दुसऱ्यांच्या टाक्या उतरवत होता. मी ओ दिली होती. त्यावर विसंबून किल्ली फिरली असती तर, हे वाक्य मी पुरं करत नाही. रोज झोपताना ते आपोआप पुरं होतं.

मग कप्तानबाईने आमची हजेरी घेतली, निराळ्या अर्थाने. हिला सांगितलं, शिडीवरून परत उतरायचं तर ओरडून सांगायचं, ही तुमची चूक. ही म्हणाली, बरोबर आहे. मग माझ्याकडे वळली. त्या बसलेल्या आवाजात ती काय म्हणाली ते सगळं लिहीत नाही, वय झालेल्या माणसाची अब्रू असते. सार असं, की माझ्या बोटीवर कुणी कुणाच्या वतीने जिवंत नसतं. आणि नंतर हजेरी पहिल्या नावापासून पुन्हा सुरू केली. सगळे अंग पुसत, कुडकुडत उभे. हिचं नाव आलं. ही म्हणाली, "आहे." काय सांगू तुम्हाला? साधा शब्द. पण ते नाव असं मोठ्याने घेतलेलं आणि तिने स्वतः त्याला ओ दिलेली मी लग्नानंतर ऐकली नव्हती. घरात ती 'अगं' आहे, चिरंजीवांची आई आहे, तुमची विहीण आहे, गल्लीभर पोरांची मावशी आहे. नावाने तिला मीही हाक मारत नाही. मारली तर ती घाबरून विचारेल, काय झालं.

परतताना मी तिला म्हटलं, चुकलो. ती रागावली नव्हती. कप्तानबाईचंच बरोबर, असं मात्र तिने स्पष्ट सांगितलं. पाळणाघरात घरी सोडताना ती प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावायची. बाळ्या आहे का, असं विचारलं तर दहा पोरं आहे म्हणतात आणि बाळ्या मोरीत असतो. मग म्हणाली, मागे डॉक्टरांनी झोप येते का विचारलं, तुम्ही येते म्हणालात. मला येत नाही. मी म्हटलं, मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही इतक्या खात्रीने सांगितलंत की मला वाटलं येत असेल. आम्ही दोघं हसलो, विहीणबाईही हसल्या. पण घरी येऊन अंघोळ करताना मला हसू आलं नाही.

असो. तुम्ही पारखायला सांगितलं होतं, त्याचा निकाल असा: बोट पास. डोळे मिटून विहीणबाईंना पाठवा. मी जन्मभर ज्या खुणा शोधल्या त्या दोर, ब्रेक, काटे यांच्या. तिथे तर ती चोख आहेच. पण जी बोट शंभर वेळा ऐकलेल्या "आहे" वर विश्वास ठेवत नाही आणि उठून बघायला येते, तिच्यापुढे माझा काही शेरा नाही. उलट तपासायला गेलेला मीच नापास झालो. मला बोटीवर यायला बंदी झाली आहे, तेव्हा पुढच्या पंधरवड्यातल्या सफरीला दोघी एकट्याच जातील आणि मी धक्क्यावरूनच परत येईन. हरकत नाही. धक्क्यावर बाकं आहेत.

गुडघ्याला जपा. मांजराला आणखी पातेली देऊ नका.

आपला,
जुना तपासनीस, नवा नापास

ता. क. बंदी हा शब्द जरा मोठा पडला. कप्तानबाई प्रत्यक्षात म्हणाली ते एवढंच, की यायचं तर या, पण दुसऱ्याच्या नावाला ओ दिलीत तर जिथे असू तिथे उतरवीन. त्यावर मीच चारचौघांत ताठ मानेने म्हणालो, मग मी येतच नाही. आता पंचाईत अशी झाली आहे की मला जायचं आहे. ती वर येईल तेव्हा मला तिथे असायचं आहे. पण स्वतःहून कसं म्हणू? तेव्हा या पत्राचं खरं कारण: तुम्ही मला एक चांगलं खरमरीत आग्रहाचं पत्र लिहा. 'तुम्ही बोटीवर असल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही' अशा धर्तीचं. म्हणजे मी ते मोठ्याने वाचून दाखवीन आणि तुमच्या शब्दाखातर नाइलाजाने जाईन. मायना कडक ठेवा.

ता. क. २. पत्र बंद करताना हिने विचारलं, कुणाला? व्याहींना म्हटलं. माझाही नमस्कार कळवा म्हणाली. मी लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. कागद तिच्याकडे सरकवला. पुढचं अक्षर तिचं आहे, ते बघून तुम्हाला कळेलच.

नमस्कार. सगळं वाचलं. (मी वाचू नये म्हणून हे हाताने झाकून धरत होते, त्यामुळे जास्त नीट वाचलं.) आग्रहाचं पत्र पाठवू नका. बोटीवर कुणाला सोबत न्यायचं ते जी बुडी मारणार तिने ठरवायचं असतं. यांनी कप्तानबाईला सांगितलं, चिरंजीवांना सांगितलं, आता तुम्हाला लिहिलं. मला 'मी येऊ का' असं अजून विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तर देईन. तुमच्या गुडघ्याला रात्री शेक द्या, सकाळी नको.

ता. क. ३. विचारलं. "बघते विचार करून," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. चहा उकळला, गाळला, विहीणबाईंचा कप त्यांना नेऊन दिला, आपला ती गॅलरीत उभी राहून प्यायली, आणि मग आत येऊन 'या' म्हणाली. तेवढा सगळा वेळ, व्याहीबुवा, मी खुर्चीत बसून होतो आणि तिच्या वतीने काहीही बोललो नाही.